सही खरी, मग प्रश्नचिन्ह कशाला?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं. या वेळचा विषय: फाइलीतली कागदपत्रं, त्यांची दुरुस्ती, सही आणि देवाणघेवाण

प्रश्न: ई-आधारची पीडीएफ उतरवून नव्या नोकरीच्या ठिकाणी दिली. तिथल्या एचआरने ती परत पाठवली. म्हणे सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ असं येतंय, म्हणजे सही खरी नाही. मी तर फाइल सरकारी संकेतस्थळावरूनच घेतली आहे. आता काय करू? (नोकरदार, हडपसर)

फाइलला काही झालेलं नाही. पिवळ्या प्रश्नचिन्हाचा अर्थ एवढाच, की ‘या सहीची हमी देणाऱ्याला मी ओळखत नाही’ असं तुमचा रीडर, म्हणजे पीडीएफ उघडणारी प्रणाली, सांगतोय. आपल्याकडे डिजिटल सह्यांची उतरंड ठरलेली आहे. सगळ्यांत वर केंद्र सरकारच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांचं मूळ प्रमाणपत्र असतं. त्याचं नाव ‘सीसीए इंडिया’, आणि पुढे वर्ष. त्याखाली परवाना असलेल्या प्रमाणन संस्था येतात आणि तळाशी प्रत्यक्ष सही करणारा. रीडरच्या विश्वासाच्या यादीत हे मूळ प्रमाणपत्र नसलं, की खालची सही कितीही अस्सल असली तरी तो प्रश्नचिन्हच दाखवणार.

हे काम संगणकावर, ॲडोबी रीडरमध्येच करा. ब्राउझरमध्ये किंवा मोबाईलच्या साध्या व्ह्यूअरमध्ये बहुधा सहीचं नुसतं चित्र दिसतं, तपासणी होत नाही. ई-आधार उघडायचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि त्यापुढे जन्मवर्षाचे चार आकडे. फाइल उघडली की सहीवर राइट क्लिक करून ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’मध्ये जा, मग ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’. डाव्या बाजूला उतरंड दिसेल. तिच्यातलं सगळ्यांत वरचं नाव निवडा. इथे बरेच जण तळाचं नाव निवडतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच प्रश्नचिन्ह बघत बसतात. ‘ट्रस्ट’ या टॅबवर ‘ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’ दाबा, विश्वासू मूळ म्हणून वापरण्याच्या चौकोनात टिक करा, ओके म्हणा. मग परत येऊन ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’. हिरवी खूण आली पाहिजे.

यात एक मेख आहे, आणि मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत ती फारशी कोणी सांगत नाही. ‘सीसीए इंडिया’ नावाचं बनावट प्रमाणपत्र कोणीही घरबसल्या बनवू शकतो आणि त्याने केलेल्या सहीलाही, तुम्ही विश्वास ठेवलात तर, हिरवी खूण येते. म्हणून यादीत घालण्याआधी ‘डिटेल्स’मध्ये शेवटी असलेली अंक-अक्षरांची लांब ओळ, म्हणजे प्रमाणपत्राचा ठसा, पाहून घ्या. नियंत्रकांच्या संकेतस्थळावरून मूळ प्रमाणपत्र उतरवा आणि त्याचा ठसा या ओळीशी ताडून पाहा. एकदाच करायचं काम आहे.

लाल फुली मात्र हलक्यात घेऊ नका. ‘सही झाल्यानंतर दस्तऐवज बदलला आहे’ असा मजकूर आला तर ती फाइल बाजूला ठेवा आणि मूळ ठिकाणाहून पुन्हा उतरवा. खरं तर अशी फाइल बहुतेक वेळा आपणच बिघडवलेली असते. चार कागद एकाच पीडीएफमध्ये जोडले, आकार कमी केला, ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं, पानं फिरवून पुन्हा सेव्ह केलं की सही एक तर मोडते नाही तर पुसलीच जाते आणि मागे उरतं तिचं चित्र. छापील प्रतीवर दिसते तीही सही नव्हे, सहीचं चित्रच. तेव्हा एचआरला मूळ फाइल जशीच्या तशी मेल करा आणि वरची कृती सोबत पाठवा.

डिजिटल सातबाऱ्याबद्दलही असेच प्रश्न येतात. महाभूमीवर १५ रुपये भरून मिळणाऱ्या सातबाऱ्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो. बँकेने तो त्याच संकेतस्थळावर टाकून बघायचा. वेगळा सही-शिक्का लागत नाही. फुकट दिसणारा भूलेखवरचा सातबारा फक्त माहितीसाठी असतो, तो बँकेत चालत नाही. दोन्ही दिसायला सारखे, त्यामुळे गल्लत होते.

प्रश्न: सोसायटीच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा गूगल डॉक्सवर टाकून लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर दिली. दोन दिवसांनी पाहिलं तर पार्किंगच्या ठरावातलं एक वाक्यच बदललेलं! कोणी बदललं ते कळत नाही. (सचिव, कोथरूड)

लिंक देताना ‘एनीवन विथ द लिंक’ आणि त्यापुढे ‘एडिटर’ असं ठेवलं असणार. अशा वेळी खात्यात लॉगिन न करता शिरलेल्या माणसाचं नाव दिसत नाही. कोपऱ्यात एखाद्या अनामिक प्राण्याचं चित्र तेवढं येतं, आणि पार्किंगचा ठराव कोणत्या प्राण्याने बदलला हे सभेत विचारून उपयोग नाही.

आधी नुकसान भरून काढा. ‘फाइल’, ‘व्हर्जन हिस्टरी’, ‘सी व्हर्जन हिस्टरी’. उजवीकडे तारीखवार आवृत्त्या दिसतील, बदललेला मजकूर रंगात असेल. तुमचा मूळ मसुदा असलेली आवृत्ती उघडून ‘रिस्टोअर धिस व्हर्जन’ दाबा. मधल्या आवृत्त्या पुसल्या जात नाहीत, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. त्या आवृत्तीला नाव देऊन ठेवा, ‘सचिवांचा मसुदा’ वगैरे; नाव दिलेल्या आवृत्त्या पटकन सापडतात.

मग शेअरिंग बदला. सर्वसाधारण प्रवेश ‘रिस्ट्रिक्टेड’ करा. समितीच्या सदस्यांना त्यांच्या ईमेलने ‘कमेंटर’ म्हणून जोडा. कमेंटरला शेरा मारता येतो, दुरुस्ती सुचवता येते, पण मूळ वाक्याला हात लावता येत नाही. सुचवणाऱ्याचं नाव समासात दिसतं आणि स्वीकारायचं की नाही हे तुमच्या हातात राहतं. बाकी सभासदांना डॉक्सची लिंक देऊच नका. समितीने मसुदा पक्का केला की पीडीएफ काढा आणि ती ग्रुपवर टाका. दीडशे सभासदांना एकाच फाइलीत लिहायला बोलावणं ही लोकशाही नाही, गोंधळ आहे.

आणखी एक गोष्ट, जी समिती बदलेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. ही फाइल तुमच्या खासगी जीमेलमध्ये आहे. उद्या तुम्ही पदावर नसाल, खातं बंद केलंत किंवा दोन वर्षं वापरलंच नाहीत, तर गूगल ते खातं आतल्या फाइलींसकट काढून टाकू शकतं. सोसायटीच्या नावाने वेगळं खातं काढा, त्याचा पासवर्ड आणि खातं परत मिळवण्यासाठीचा (रिकव्हरी) फोन क्रमांक समितीच्या दप्तरात नोंदवा, आणि सगळ्या फाइलींची मालकी त्या खात्याकडे द्या. शेअरच्या खिडकीत त्या खात्याच्या नावापुढे ‘ट्रान्सफर ओनरशिप’ असतं. समोरच्या खात्याने ते स्वीकारल्याशिवाय मालकी जात नाही, तेव्हा दोन्हीकडे लॉगिन करून काम पुरं करा.

प्रश्न: मृत्युपत्र संगणकावर करून डिजिटल सही केली तर चालेल का? (निवृत्त प्राध्यापक, पौड रस्ता)

नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे हा कायदा ज्या कागदांना लागू नाही त्यांच्या यादीत, मृत्युपत्र आहे. टाइप संगणकावर करा, पण कागदावर छापून स्वतःच्या हाताने सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच.

प्रश्न: फ्लॅट बाणेरला, मी जर्मनीत, भाडेकरू हिंजवडीत नोकरीला. परदेशी ई-सही सेवेवरून दोघांनी ११ महिन्यांच्या करारावर सह्या केल्या. आता एजंट म्हणतो नोंदणी करावीच लागेल. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ना? (फ्लॅटमालक)

एजंटचं बरोबर आहे. ११ महिन्यांची ही समजूत नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ वरून आली. तिथे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून लोक एक महिना कमी लिहू लागले. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ आहे. लिव्ह अँड लायसन्स करार (तुमचा ११ महिन्यांचा करार त्यातलाच) लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं ठरवायचं ओझं तुमच्यावर. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नोटरीचा शिक्का किंवा ई-सही ही नोंदणीची जागा घेत नाही.

नोंदणी मात्र घरबसल्या होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-नोंदणी सेवेत मसुदा भरायचा, शुल्क ऑनलाइन भरायचं, आणि दोन्ही पक्षांनी व साक्षीदारांनी आधारशी जोडलेल्या यंत्रावर अंगठा लावायचा. पुण्यात यंत्र घेऊन घरी येणारे एजंट कोणत्याही पेठेत मिळतात. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, पण ते नुसत्या भाड्यावर नाही. समजा भाडं महिना २०,००० आणि परत करायची अनामत १ लाख. ११ महिन्यांचं भाडं २,२०,०००. अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी ११ महिन्यांचं व्याज सुमारे ९,१६७. बेरीज २,२९,१६७ आणि तिचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ५७३ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंटची फी यापेक्षा वेगळी, ती विचारूनच ठरवा.

तुमची अडचण अंगठ्याची आहे, कारण यंत्र समोर लागतं. इथल्या भावाला किंवा बहिणीला कुलमुखत्यारपत्र द्या. तेही ई-सहीने चालणार नाही, कारण अशा खासगी व्यवहारातलं कुलमुखत्यारपत्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या त्याच पहिल्या परिशिष्टात आहे. कागदावर करा, भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या, कुरिअरने पाठवा, आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरा. अंगठे लागण्याआधी मसुद्यातली नावं आधारवरच्या नावांशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. फ्लॅट क्रमांक, अनामत आणि मुदतीच्या तारखा दोघांनी वाचा. नोंदणीनंतर चूक सापडली तर वेगळं चूक दुरुस्ती पत्र करावं लागतं.

प्रश्न: आमच्या १५-२० वर्षांपूर्वीच्या दिवाळी अंकांच्या पीडीएफ आहेत. वाचायला उत्तम दिसतात, पण मजकूर कॉपी करून वर्डमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांची खिचडी होते. काही अंकांत मराठीच येतं पण वेलांट्या भलतीकडे. पुन्हा टाइप करण्यावाचून उपाय नाही का? (संपादक, सदाशिव पेठ)

हे दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं.

पीडीएफमध्ये मूलतः अक्षरं नसतात, अक्षरांच्या आकृत्या आणि त्यांच्या जागा असतात. कोणती आकृती म्हणजे कोणतं अक्षर हे सांगणारा तक्ता सोबत असला तरच कॉपी नीट होते. जुने अंक श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमवर जुळवलेले असणार. (दोन्ही पुण्याचीच.) त्या काळच्या फॉन्टमध्ये ‘क’ची आकृती रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेली असे. फॉन्ट आहे तोवर पडद्यावर ‘क’ दिसतो. फॉन्ट काढला की मागचं रोमन अक्षर उघडं पडतं. तुमची खिचडी ती ही.

दुसरा आजार युनिकोडमधल्या अंकांचा. (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत.) ‘किती’ हा शब्द घ्या. टाइप करताना आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी क च्या आधी काढली जाते. पीडीएफ बनवणाऱ्या प्रणालीने तक्ता धड दिला नसेल, तर कॉपी करताना आकृत्या डावीकडून उजवीकडे उचलल्या जातात आणि वेलांटी मागच्या शब्दाला चिकटते. रफार आणि जोडाक्षरं यांचंही तेच होतं.

कोणता आजार आहे ते असं ओळखा. रीडरमध्ये ‘फाइल’, ‘प्रॉपर्टीज’, ‘फॉन्ट्स’. तिथे श्री-देव आणि पुढे क्रमांक अशी नावं असतील तर श्रीलिपी, डीव्हीबी-टीटीने सुरू होणारी असतील तर सी-डॅक. पहिल्या प्रकारात फॉन्ट परिवर्तक, म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी प्रणाली, कामाला येतो, पण तो नेमका त्याच घराण्याचा हवा. श्रीलिपीच्या आतही मांडण्या वेगवेगळ्या आहेत, एकीचा परिवर्तक दुसरीला लावला तर अर्धा मजकूर बरोबर येतो, आणि असा अर्धा बरोबर मजकूर तपासणं नव्याने टाइप करण्यापेक्षा कंटाळवाणं असतं. एका पानावर आधी चाचणी घ्या. ‘र्‍या’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’, ‘ऱ्हा’ ही पाच ठिकाणं बघा, तिथे निभावलं तर बाकी निभावतं.

दुसऱ्या प्रकाराला, आणि परिवर्तक न मिळाल्यास पहिल्यालाही, ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं, हा उपाय. पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवा, राइट क्लिक, ‘ओपन विथ’, ‘गूगल डॉक्स’. मराठी छापील मजकूर चांगला वाचला जातो. मोठी फाइल एकदम देऊ नका. २ एमबीच्या आतले तुकडे करा. दिवाळी अंकाचं पान दोन रकान्यांचं असेल तर दोन्ही रकान्यांच्या ओळी एकमेकींत घुसतात, म्हणून रकाने आधी कापून वेगळे करा. घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांची अदलाबदल, अनुस्वार गळणं, या ठरलेल्या चुका. मुद्रितशोधकाला ही यादीच हाती द्या. फाइली बाहेर पाठवायच्या नसतील तर टेसरॅक्ट ही फुकट प्रणाली मराठीच्या माहितीसंचासह स्वतःच्या संगणकावर चालते.

पण या सगळ्याच्या आधी एक फोन करा. अंक ज्यांनी जुळवला त्या डीटीपीवाल्यांकडे मूळ पेजमेकरच्या किंवा कोरलच्या फाइली अजून असू शकतात. तिथून काढलेला मजकूर पीडीएफमधून खरवडलेल्यापेक्षा नेहमीच स्वच्छ. पुढचे अंक युनिकोडमध्येच जुळवून घ्या, आणि इनडिझाइन वापरत असाल तर परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावल्याशिवाय जोडाक्षरं नीट बसत नाहीत हे जुळवणाऱ्याला सांगा.

प्रश्न: आधार क्रमांकावर काळी पट्टी ओढून कागद पाठवतो. पुरेसं आहे ना? (वाचक, चिंचवड)

पट्टी कशाने ओढली त्यावर आहे. पीडीएफमध्ये चौकोन काढून काळा रंग भरला असेल तर खालचा मजकूर तसाच असतो. तिथून माऊस ओढून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा, क्रमांक समोर येईल. मोबाईलच्या मार्कर पेनने फोटोवर रेघ मारली असेल तर ती बऱ्याचदा अर्धपारदर्शक असते. उजळपणा वाढवला की आकडे दिसतात.

आधारसाठी तर पट्टीची गरजच नाही. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड’ आधार घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे असतात. इतर कागदांसाठी लिबरऑफिस या फुकट प्रणालीत पीडीएफ उघडून ‘टूल्स’मधलं ‘रिडॅक्ट’ वापरा. ते पानाचं चित्र बनवून पीडीएफ काढतं, त्यामुळे पट्टीखाली मजकूर उरत नाही. अर्थात त्यात डिजिटल सहीही राहत नाही.

प्रश्न: प्रवेशअर्जाला प्रत्येक कागद २०० केबीच्या आत मागतात. कमी करायला गेलं की अक्षरं पुसट होतात. (पालक, सिंहगड रस्ता)

आधी स्कॅनच नीट करा, मग दाबायची वेळ येत नाही. ए-४ पान ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८ ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला तीन रंगांचे तीन बाइट: न दाबलेली फाइल २५ एमबीच्या घरात. तेच पान १५० डीपीआयवर राखाडी छटांत केलं तर १२४० गुणिले १७५४ ठिपके आणि एकेक बाइट, म्हणजे साधारण २ एमबी. जेपेगने ते दहापट दाबलं की २०० केबीच्या आसपास आणि अक्षरं स्वच्छ. गुणपत्रिका, दाखला यांना रंगाची गरज नसते. शिक्का निळा दिसलाच पाहिजे अशी अट असेल तिथेच रंग ठेवा.

मोबाईलने फोटो काढत असाल तर सावली आणि टेबलाची नक्षी हे दोन शत्रू. जेपेगला कोरा पांढरा भाग जवळजवळ फुकट पडतो. सावलीच्या छटा आणि कापडाची वीण साठवण्यात सगळे केबी जातात. ड्राइव्हच्या ॲपमधलं स्कॅन वापरा, कडा कापा, कृष्णधवल गाळणी लावा. ही फाइल व्हॉट्सॲपवरून संगणकावर नेताना ‘फोटो’ म्हणून नाही, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की ॲप ती स्वतःच दाबतं आणि वर तुम्ही पुन्हा दाबता. अक्षरं पुसट होतात ती इथे.

एवढ्यावर भागलं नाही तर लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडून पीडीएफ म्हणून काढताना जेपेगचा दर्जा ७० आणि रिझोल्यूशन १५० ठेवा. फुकट आकार कमी करून देणारी संकेतस्थळं सोयीची खरी, पण उत्पन्नाचा दाखला आणि जातीचं प्रमाणपत्र अनोळखी सर्व्हरवर चढवायची काही गरज नाही. डिजिलॉकरमधून मिळालेली गुणपत्रिका असेल तर ती छापून पुन्हा स्कॅन करू नका, आहे तशी चढवा. नियमानुसार ती मूळ प्रतीच्या बरोबरीची आहे, तिचा स्कॅन नाही.

प्रश्न: भोसरीत छोटा कारखाना आहे. गिऱ्हाइकाने खरेदी आदेशावर सहीचं चित्र चिकटवून मेल केला. माल गेला, पैसे मागितल्यावर म्हणतो ‘ही सही माझी नाहीच’. (उद्योजक)

चिकटवलेलं चित्र म्हणजे कायद्यातली इलेक्ट्रॉनिक सही नव्हे. ते कोणीही कुठूनही कापून आणू शकतो. पण म्हणून करार उडाला असंही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-क नुसार, प्रस्ताव आणि स्वीकार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणावरून करार निष्फळ ठरत नाही. तुमचा भर सहीवर नको, व्यवहाराच्या साखळीवर हवा: कोटेशन, त्यावरचा त्यांचा मेल, आदेश, ई-वे बिल, पोच दिलेलं चलन, जीएसटी बीजक, आणि थोडी रक्कम आधी आली असेल तर बँकेतली नोंद.

ही साखळी जपताना मेलचे स्क्रीनशॉट काढून समाधान मानू नका. जीमेलमध्ये तो मेल उघडून तीन ठिपक्यांवरून ‘डाउनलोड मेसेज’ करा. ईएमएल फाइल मिळते, तिच्यात मेल कोणत्या सर्व्हरवरून कधी आला याची पूर्ण माहिती असते. जोडलेली पीडीएफ वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि उघडून पुन्हा सेव्ह करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते दोन भागांत असतं, एक पुरावा देणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून गणिताने काढलेला तिचा ठसा, लिहायचं असतं. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून ‘सीआरसी एसएचए’मधून एसएचए-२५६ निवडा, ६४ अंक-अक्षरांची ओळ मिळेल. फाइलीत एक जागा जरी वाढली तरी ही ओळ पूर्ण बदलते. आजच काढून वकिलांना मेल करून ठेवा.

पुढच्या आदेशांसाठी आधार ई-साइनचा आग्रह धरा. ओटीपी टाकला की त्या एका सहीपुरतं प्रमाणपत्र तयार होतं, अर्ध्या तासात त्याची मुदत संपते, आणि सही करणाऱ्याचं नाव फाइलीत कायम राहतं. ‘ही सही माझी नाही’ म्हणणं मग सोपं राहत नाही.

प्रश्न: डिजिटल सहीचं टोकन सल्लागारांच्या कार्यालयात असतं. त्यांच्याकडे पिन चुकला आणि आता टोकन चालत नाही. (भागीदार, व्यापारी पेढी, मार्केट यार्ड)

टोकन म्हणजे सहीचं प्रमाणपत्र आणि खासगी किल्ली (सही करणारा गुप्त संकेत) आत ठेवलेलं, पेनड्राइव्हसारखं यंत्र. पिन सलग चुकत गेला की ते स्वतःला कुलूप लावतं. कुलूप काढायला ज्या संस्थेचं प्रमाणपत्र आहे तिला विचारा. ‘इनिशियलाइज’ हे बटण कोणी सुचवलं तर थांबा: टोकन पुन्हा चालू होतं, पण आतलं प्रमाणपत्र आणि खासगी किल्ली कायमची पुसली जाते आणि नवं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. टोकन चालतंय पण सहीच्या यादीत नाव येत नाही, ही तक्रार असेल तर कारण बहुधा साधं असतं. टोकनचा ड्रायव्हर त्या संगणकावर नसतो किंवा प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते.

टोकन आणि पिन दोन्ही दुसऱ्याकडे ठेवणं मात्र बंद करा. खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ नुसार प्रमाणपत्रधारकाची आहे, आणि त्या किल्लीने झालेली सही तुमचीच धरली जाते, मग बटण कोणीही दाबलेलं असो. विवरणपत्र भरायच्या दिवशी टोकन घेऊन जा, पिन स्वतः टाका, परत घेऊन या. हरवलं तर त्याच दिवशी प्रमाणपत्र रद्द करायचा अर्ज द्या. आधीच्या सह्यांवर टाइमस्टॅम्प, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरने दिलेली वेळेची नोंद, असेल तर त्या रद्द होण्यापूर्वीच्या आहेत हे सिद्ध होतं. नसेल तर सहीची वेळ ही निव्वळ सही करणाऱ्याच्या संगणकाच्या घड्याळातली असते, आणि ते घड्याळ कोणालाही मागे नेता येतं. म्हणून महत्त्वाच्या करारांवर सही करण्याआधी रीडरच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये टाइमस्टॅम्प सर्व्हर भरून घ्या, त्याचा पत्ता प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे मागा.